इंजिन पुढे, हुंकार मागे

सकाळची साडेसातची बस आठ वाजून गेले तरी चौकातून हलली नव्हती आणि नवल म्हणजे कुणाची तक्रार नव्हती. एरवी हीच माणसं पाच मिनिटं उशीर झाला की ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. आज मात्र शंभरेक माणसं बसभोवती चपला काढून उभी होती. मागची दोन्ही चाकं फुलांनी झाकून गेली होती. चार-पाच बाप्ये वर्तमानपत्रं अंथरून बसच्या खाली पालथे पडले होते आणि वरून ठिबकणारा एकेक काळा थेंब औषधाच्या बाटल्यांत झेलत होते.

"अश्रू ज्यांना हवेत त्यांनी रांगेत यावं," एक निवृत्त हेडक्लार्क वहीत नावं लिहीत सांगत होते. "बाटली धुतलेली हवी. एका घराला एकच बाटली."

बस तशी साधी, खासगी, उतारवयाची. चौकातून निघायची, कालव्याच्या कडेने जायची आणि कागदाच्या कारखान्यापाशी थांबायची. तीन महिन्यांपूर्वी ती बोलायला लागली. रस्त्याला लागली की तिच्या मागच्या बाजूने, शेवटच्या बाकाच्या खालून, 'ऊंऽऽऽ' असा लांब, घशातल्या घशात दाबलेला हुंकार यायचा. मध्येच थांबायचा, मध्येच पुन्हा सुरू व्हायचा. आणि हुंकाराचा अर्थ सांगणारा माणूस नेमका त्याच बाकावर बसलेला असावा, हा तर दैवी योगच.

त्या माणसाला आता सगळे हुंकारबाबा म्हणत. बस ज्याची होती आणि जो ती चालवायचा, त्या ड्रायव्हरचा हा सख्खा मेहुणा. वर्षभरापूर्वीपर्यंत तो चुंबकाच्या गाद्या विकायचा. त्या गादीवर झोपलं की पाठदुखी, कंबरदुखी, संसारातली कटकट, सगळं एकदम जायचं. गाद्या विकून झाल्यावर तोही काही दिवस गेला आणि परतला तो दाढी वाढवूनच. मेहुण्याच्या बसमध्ये त्याने कंडक्टरची जागा धरली आणि लवकरच कंडक्टरगिरीच्या वर चढला.

"इंजिन कुठं आहे?" बाबा बसच्या पायरीवर उभा राहून विचारत होता.

"पुढे," गर्दी म्हणाली.

"आवाज कुठून येतो?"

"मागून."

"मागे इंजिन आहे का? नाही. मग बोलतंय कोण?" इथे बाबा थांबला. एखाद्या माणसाच्या मनात शंका यावी आणि शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून ती परत जावी, इतपतच तो थांबला. "यंत्र पुढे असतं. तंत्र मागे असतं. शिकलेले लोक पुढचं बघतात. मागचं कोण बघणार?"

गर्दीच्या कडेला सायकल धरून उभ्या असलेल्या एका बाईंना हे ऐकून हसू आलं असतं, पण त्या दिवशी हसण्याची त्यांची तयारी नव्हती. या बाई तंत्रशाळेत वाहनदुरुस्ती शिकवायच्या. मुलं त्यांना पाठीमागे ग्रीसबाई म्हणत आणि ते त्यांच्या कानावर आलेलं होतं. तीस वर्षं गाड्यांखाली झोपून त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झाल्या होत्या. मागचं बघणं हेच त्यांच्या पोटापाण्याचं काम होतं. पण त्या इथे बस बघायला आल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या धाकट्या जावेसाठी.

आदल्या संध्याकाळी त्या धाकट्या जावेकडे गेल्या होत्या. दोघींची घरं एकाच जिन्याला, वर थोरली आणि खाली धाकटी. धाकटी शिवणकाम करायची. ती मशीनवर वाकली होती आणि ग्रीसबाईंच्या नाकाला एक ओळखीचा वास आला. जळका, गंधकासारखा, जड. हा वास घरात कधी यायचा नाही. तो वर्कशॉपमध्ये, मागची चाकं जोडणाऱ्या आसाचं झाकण उघडलं की यायचा.

"तुझ्या अंगाला गिअर ऑइलचा वास कसा गं येतोय?"

जावेने पदर सावरला. "गिअर ऑइल नाही ते. अश्रू आहेत. गाठीवर लावायचे, दिवसातून तीनदा."

जावेच्या छातीत गाठ होती, हे सगळ्यात आधी ग्रीसबाईंनाच ठाऊक झालं होतं. तपासणीला दवाखान्यात त्याच घेऊन गेल्या होत्या. गाठ वाईट आहे, पण लवकर सापडलीय, काढून टाकली की पुढचं सोपं, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

"परवाची तारीख दिलीय ना ऑपरेशनची?"

"दिली होती. येत नाही म्हणून कळवलं मी. मागच्या महिन्यातलीही पुढे ढकलली होती, तुम्हाला बोलले नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"बसने," जाऊ म्हणाली.

ग्रीसबाईंनी आयुष्यात बसचं पुष्कळ ऐकून घेतलं होतं. ब्रेकचं रडगाणं, क्लचची कुरकुर, सायलेन्सरचा आक्रोश. पण बसने कुणाला वैद्यकीय सल्ला दिल्याचं हे पहिलंच.

"मी विचारलं, ऑपरेशन करू का? दोनदा विचारलं," जाऊ शिवणीचा दोरा तोडत म्हणाली. "दोन्ही वेळा बस एकदम गप्प झाली. हुंकार म्हणजे हो, गप्प म्हणजे नाही. जाऊबाई, माझी आई ऑपरेशनला आत गेली ती परत बाहेर आली नाही. तुम्ही मला शिकवू नका."

जावेची भीती खरी होती. तिला मिळालेलं उत्तर तेवढं खोटं होतं. पण भ्यालेल्या माणसाला खोटं उत्तर खऱ्यासारखंच उबदार लागतं, आणि ते हिसकावून घ्यायचं तर हातात काही ठोस हवं. नुसतं 'हा मूर्खपणा आहे' म्हणून भागत नाही. मूर्ख म्हटल्यावर शहाणं झालेलं माणूस त्यांनी तरी पाहिलं नव्हतं.

म्हणून त्या सकाळी चौकात आल्या आणि शाळेत रजेचा अर्ज टाकून तिकीट काढून बसमध्ये चढल्या. सलग तीन दिवस चढल्या. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायच्या आणि मांडीवर वही ठेवून लिहायच्या.

बाबाला फार समाधान वाटलं. "बाई माझी वचनं लिहून घेतायत," तो भक्तांना म्हणाला. "शिकलेली माणसं उशिरा येतात, पण येतात."

बाई लिहीत होत्या ते असं. बस उभी असताना इंजिन कितीही रेटलं तरी हुंकार नाही, म्हणजे इंजिनाचा दोष नाही. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला तरी आवाज तोच, म्हणजे टायरचा नाही. वेग घेताना हुंकार मोठा, पाय काढला आणि बस आपल्या वेगाने घरंगळायला लागली की बंद. चढावर बोलते, उतारावर गप्प. शिवाय दुसरा एक आवाज, खालच्या पट्टीतली गुरगुर, डाव्या वळणावर वाढते आणि उजव्या वळणावर जवळजवळ जाते. या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

बसला काय झालंय ते पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्यांना कळलं होतं. त्यांच्या जागी दुसऱ्या वर्षाचा कुठलाही विद्यार्थी असता तरी त्याला कळलं असतं, निदान कळलं नसतं तर त्यांनी त्याला नापास केलं असतं. पण बस आजारी का आहे हा एक प्रश्न, आणि ती लोकांच्या प्रश्नांना नेमकं उत्तर कशी देते हा दुसरा. तो सुटेना.

बाबाची पद्धत ठरलेली होती. कालव्याकडेचा सरळ, सपाट रस्ता लागला की ज्याला प्रश्न विचारायचा तो त्याच्या शेजारी येऊन बसायचा. प्रश्न सांगायचा. बाबा डोळे मिटायचा, डोक्यावरून गेलेली घंटीची दोरी धरायचा आणि आत्म्याला जागं करण्यासाठी ओढायचा. मग उत्तर यायचं.

"माझी बदली होईल का?" टण टण. ऊंऽऽऽ.

"घर विकू का?" टण. शांतता.

तिसऱ्या दिवशी ग्रीसबाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी वहीची मागची पानं उलटली. दोन टोल, हुंकार. एक टोल, गप्प. सत्तावीस प्रश्न आणि एकही अपवाद नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल, हे बसमध्ये चढणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भर दिवसा, सगळ्यांच्या कानांदेखत बाबा ड्रायव्हरला पाय दाब नाहीतर काढ म्हणून सांगत होता आणि बसभर माणसं माना डोलवत होती.

कारखान्यापाशी बस रिकामी झाली, बाबा चहाला गेला, तशा त्या खाली वाकून बसखाली शिरल्या. मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या लोखंडी गोळ्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तळाचा बोल्ट कुणीतरी मुद्दाम अर्धा सैल करून ठेवला होता. अश्रूंचा उगम तिथे होता. त्या बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत ड्रायव्हरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर पन्नाशीचा, खाली मान घालून बोलणारा माणूस होता.

"दादा, तुमच्या आसातलं तेल संपत आलंय. दाते दातांना खातायत."

"मेहुणा म्हणतो हात लावायचा नाही. लावला तर आवाज जाईल."

"बरोबर म्हणतो. तेल आहे तोवर दाते मुकाट्याने फिरतात. तेल गळालं की ओरडतात. तुम्ही जितके अश्रू वाटता तितका हुंकार वाढतो आणि जितका हुंकार वाढतो तितकी अश्रूंची रांग लांबते. धंदा चांगला आहे. फक्त एक दिवस हा आस जाम होईल, आणि तेव्हा आत साठ माणसं असतील."

ड्रायव्हर हातातलं फडकं पिळत राहिला.

"घंटीवर पाय दाबता ना?"

तो म्हणाला, "मला पुढे बसल्यावर मागचं काही ऐकू येत नाही, बाई. दोन झाल्या की दाबतो, एक झाली की सोडतो. जन्मभर तेच केलंय. लोक काय विचारतात ते मी कधी विचारलं नाही. नोकरी, लग्न, हरवलेलं जनावर, असंच काहीतरी असेल."

"माझ्या जावेने विचारलं, छातीतली गाठ काढू का. तुमच्या मेहुण्याने एक घंटी मारली. तुम्ही पाय काढलात. तिने ऑपरेशन रद्द केलं."

ड्रायव्हरने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मग तो तिथेच पायरीवर बसला.

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"आता झालं ना," ग्रीसबाई म्हणाल्या. "बोला, काय करायचं?"

त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या धाकट्या दिरांना हे सगळं कळलं तेव्हा त्यांना एक झटपट तोड सुचली. जावेचे यजमान ते. बेकरीत कामाला, हातावर पोट असलेले, आणि बायकोच्या काळजीने महिनाभर नीट जेवलेले नव्हते. "वहिनी, ड्रायव्हर आपला झालाय ना? मग उद्या हिला पुन्हा प्रश्न विचारायला लावू. बस हो म्हणेल. ही मुकाट्याने दवाखान्यात जाईल. कशाला उगाच बाबाशी वैर?"

ग्रीसबाई भाजी चिरत होत्या. खरं सांगायचं तर त्यांचा हात क्षणभर थांबला. काम होण्याशी मतलब, गाठ निघण्याशी मतलब. हुंकाराने घालवलं ते हुंकाराने परत आणलं तर बिघडलं कुठे? अर्धा पाव भाजी चिरून होईपर्यंत त्यांनी हा विचार मनात घोळवला.

"नको, भावजी," त्या शेवटी म्हणाल्या. "ऑपरेशननंतर औषधं आहेत, तपासण्या आहेत, वर्षभराचं काम आहे. उद्या बस हो म्हणाली म्हणून ती जाईल. परवा बस नको म्हणाली की औषध बंद करेल. तेव्हा त्या पेडलवर कुणाचा पाय असेल, हे तुम्ही सांगू शकता का?"

दुसऱ्या दिवशी दीरही रजा टाकून, बायकोला घेऊन चौकात आले.

रविवार होता. गर्दी दुप्पट. बाटल्यांची रांग मात्र खोळंबली होती, कारण बस ठिबकतच नव्हती. ड्रायव्हरने आदल्या दिवशी ग्रीसबाईंच्या देखत बोल्ट आवळून नवं तेल भरलं होतं. झिजलेले दाते काही तेलाने भरून येत नाहीत, तेव्हा हुंकार राहणारच होता, पण निदान आस जाम होण्याची धास्ती त्या दिवसापुरती नव्हती.

"आज अश्रू नाहीत," बाबाने खाली वाकून पाहिलं आणि क्षणात तोंड सावरलं. "आज तो आनंदात आहे."

तेवढ्यात ड्रायव्हर आपल्या जागेवरून उतरला. "आज बस बाई चालवतील," तो म्हणाला. तीन महिन्यांत तो लोकांसमोर बोलल्याची ही पहिलीच वेळ.

ग्रीसबाईंनी जड वाहनाचा परवाना काढून हेडक्लार्कांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि सवयीने तारीखही तपासली.

"हे चालणार नाही," बाबा म्हणाला. "परका हात लागला तर हुंकार रुसेल."

"बाबा, तुम्हीच सांगता ना, इंजिन पुढे आणि हुंकार मागे?" ग्रीसबाई म्हणाल्या. "मी पुढे बसणार. मागच्याशी माझा काय संबंध?"

लोकांनी बाबाकडे पाहिलं. "मुद्दा बिनतोड आहे," हेडक्लार्क म्हणाले.

बस निघाली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटी जाऊ मागून तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसली होती, नवऱ्याच्या शेजारी, कुणाकडेच न बघता. मागच्या गुरगुरीकडे कान ठेवून ग्रीसबाईंनी वेग बेताचाच ठेवला. कालव्याचा सरळ रस्ता लागला आणि पहिला प्रश्न हेडक्लार्कांचाच आला. इतके दिवस दुसऱ्यांची नावं लिहीत होते, स्वतःचं विचारायला धजले नव्हते. "माझा मुलगा परदेशातून परत येईल का?" त्यांनी इतक्या हलक्या आवाजात विचारलं की शेजारच्यालाही जेमतेम ऐकू गेलं.

टण टण, घंटी झाली.

ग्रीसबाईंनी पाय काढला. बस गप्प झाली.

बाबाने पुन्हा ओढली. टण टण. शांतता. तिसऱ्यांदा इतकी जोरात ओढली की दोरीचा हूक निखळून हातात आला. "मौन हेही एक उत्तर असतं," बाबा कपाळ पुसत म्हणाला.

"साहेब, तुमच्या मुलाचं बसला काही ठाऊक नाही," ग्रीसबाई आरशात बघत मोठ्याने म्हणाल्या. "त्याला पत्र लिहा. आता मी विचारते. बाबा, हात मांडीवर ठेवा. सगळे ऐका. दोन आणि दोन पाच होतात का?"

ऊंऽऽऽ, बस म्हणाली.

"मासे झाडावर राहतात का?"

ऊंऽऽऽ.

कुणीतरी फसकन हसलं.

"शेवटच्या बाकावरचे गृहस्थ पूर्वी चुंबकाच्या गाद्या विकायचे. त्या गाद्यांमध्ये चुंबक होता का?"

बस एकदम गप्प. इतकी गप्प की वाऱ्याचा आवाज ऐकू आला. मग मधल्या बाकावरून एक जाडजूड बाई शांतपणे म्हणाली, "माझ्या गादीत नव्हता. उसवून पाहिलं मी. काथ्या होता." त्यावर सगळी बस हसली आणि हसण्यात तीन महिन्यांचं काहीतरी मोकळं झालं.

"आता माझ्या पायाकडे बघा," ग्रीसबाई म्हणाल्या. "पुढच्यांनी बघा आणि मागच्यांना सांगा. दाबला. हुंकार. सोडला. गप्प. आजी, तुम्ही सांगा काय करू?"

पहिल्या बाकावरची म्हातारी आधी बिचकली, मग पुढे सरकून म्हणाली, "दाब बरं." ऊंऽऽऽ. "सोड." गप्प. "दाब." म्हातारीने पाच-सहा वेळा दाबायला लावलं आणि मग कडवट तोंड करून मागे टेकली. "आणि मी याला सुनेच्या बाळंतपणाचं विचारलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली.

मागून माणसांमधून वाट काढत, दांड्यांना धरत, जाऊ पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "जाऊबाई," ती ग्रीसबाईंच्या खांद्याशी वाकून म्हणाली, "मग माझंही विचारा. तुम्ही दाबा. हो म्हणू द्या तिला. मी जाते ऑपरेशनला, शपथ. फक्त एकदा हो म्हणू द्या."

दिरांनी मागून डोळ्यांनी विनवलं. पाय पेडलवरच होता. बोटभर दाबला असता तर झालं असतं.

ग्रीसबाईंनी बस रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढली.

"नाही," त्या जावेकडे वळून म्हणाल्या. "तुझ्या गाठीतलं या बसला काही कळत नाही. मलाही कळत नाही. डॉक्टरीणबाईंना कळतं, त्यांनी तपासलंय. तुला भीती वाटते. मग भीती वाटते असंच म्हण. बसच्या आड लपू नकोस. तुझी आई कशाने गेली, तेव्हा काय झालं होतं, आता काय वेगळं आहे, ते त्यांना तोंडावर विचार. मी शेजारी बसेन. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचार. बस एकच शब्द बोलते. त्या दहा वेळा समजावून सांगतील."

जाऊ तिथेच इंजिनाच्या झाकणावर बसून रडली. ड्रायव्हर तिच्यासमोर येऊन हात जोडून उभा राहिला. तीच म्हणाली, "असू दे, दादा. मीही ऐकलंच की."

या गडबडीत हुंकारबाबा ध्यान करायला म्हणून मागच्या दाराने उतरला होता. तो कालव्याच्या बांधावरून झपाझप चालताना काहींना दिसला. चालण्यात ध्यानाची खूण काही नव्हती.

बस हळूहळू तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये आणली. निम्मी गर्दी पाठोपाठ आली. ग्रीसबाईंनी मागचा आस जॅकवर घेतला, तेल काढलं आणि मधल्या गोळ्याचं झाकण उघडून सगळ्यांना रांगेने बघायला लावलं.

"इंजिन पुढे, हे बाबा खरं सांगत होता," त्या म्हणाल्या. "पण चाकं फिरतात ती मागची. इंजिनाचा जोर या लांब दांड्याने मागे येतो आणि इथे वळतो. हा लहान दातेरी गट्टू त्या मोठ्या चक्राला फिरवतो, आणि चक्र दोन्ही चाकांना. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. तो हिशोबही याच डब्यात होतो. याला डिफरन्शियल म्हणतात. मागे यंत्र नाही असं जो म्हणतो त्याने कधी वाकून पाहिलेलं नसतं, किंवा पाहिलेलं असतं आणि तुम्ही पाहू नये अशी त्याची इच्छा असते. आता हे दाते बघा. एका अंगाने खाल्लेत. जोर लावला की हे अंग एकमेकांवर घासतं, म्हणून ओरडतं. जोर काढला की दुसरं अंग टेकतं, ते अजून शाबूत आहे, म्हणून गप्प. हा तुमचा हो आणि हा तुमचा नाही."

मग त्यांनी उजवं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते सैल दातासारखं हललं. "डाव्या वळणावर गुरगुरायचं ते हे. वळताना सगळा भार या चाकावर येतो आणि आतलं बेअरिंग फुटलंय. या आवाजाचा अर्थ बाबाने कधी सांगितला नाही. याचा अर्थ होता, असंच चालवत राहिलात तर एक दिवस चाक निघेल."

काढलेल्या तेलात त्यांनी लोहचुंबक बुडवून वर काढला. त्याला लोखंडाच्या कण्यांची काळी दाढी आली होती. "कालच्या नव्या तेलात हे, तर अश्रूंत किती असेल? कुणी पोटात घेतले असतील तर आजच डॉक्टरकडे जा." दोघेजण गर्दीतून निघून गेले.

"पण बाई," गर्दीतला एकजण अजून चिवट होता, "माझी म्हैस सापडेल असं बस म्हणाली आणि सापडली. त्याचं काय?"

"हो आणि नाही, उत्तरं दोनच. डोळे मिटून सांगितलं तरी शंभरातली पन्नास बरोबर येणार. तुमची सापडली म्हणून तुम्ही इथे बोलताय. ज्यांची सापडली नाही ते घरी कपाळावर हात मारून बसलेत. त्यांना कुणी मोजलं का?"

त्याला पटलं का ते कळलं नाही. सगळ्यांना पटलं असं म्हणणं खोटं होईल. त्या बाईंनी झाकण उघडलं म्हणून आत्मा उडून गेला, असं म्हणणारी चार घरं आजही आहेत. हेडक्लार्कांनी मात्र त्याच दिवशी आपल्या वळणदार अक्षरात पोलिसांकडे तक्रार लिहिली आणि खाली स्वतःचं नाव सगळ्यात आधी घातलं, फसलेल्यांच्या यादीत.

पुढच्या गुरुवारी धाकट्या जावेचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे वाया गेले होते. गाठ थोडी वाढली होती, त्यामुळे औषधोपचार लांबले, केस गेले, मशीन चार महिने बंद राहिलं. पण वेळ टळून गेलेली नव्हती. आत नेण्याआधी तिने डॉक्टरीणबाईंना एकोणीस प्रश्न विचारले आणि एकोणिसांचीही उत्तरं घेतली.

इतकंच सांगायचं आहे की आवाज आला तर त्याच्यापुढे हात जोडण्याआधी थोडं थांबावं. तो कधी येतो, कधी थांबतो, काय केलं की वाढतो, आणि तो आल्याने कुणाचं भलं होतं, एवढं विचारावं. वाकून पाहावं. आपल्याला कळत नसेल तर ज्याला ते काम येतं त्याला बोलवावं आणि तो काय सांगतो तेही तपासून घ्यावं. याला फार शिक्षण लागत नाही आणि यात कुणाचा अपमानही होत नाही. न विचारल्याने मात्र माणसं मरतात.